५६ सह्या करणाऱ्यांचा फॉरवर्ड कितपत खरा? न्यूजर्सीत पोरांसमोर बोलायचंय

प्रतापनगरचे नाना (बडोदा)

नमस्कार मंडळी,

जरा पेचात पडलोय. जूनमध्ये आम्ही दोघं मुलीकडे न्यूजर्सीला चाललोय. २०२६ च्या ४ जुलैला अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २५० वर्षं पुरी होतात, म्हणून तिथल्या मराठी कुटुंबांनी मुलांसाठी संध्याकाळचा कार्यक्रम ठेवलाय. जावईबापूंनी मला न विचारताच माझं नाव देऊन टाकलं. दहा मिनिटं, मराठीतून, विषय "अमेरिकेच्या स्वातंत्र्यामागचा त्याग आणि ते जपण्याची जबाबदारी". विषयही त्यांनीच ठरवला. जावई म्हटल्यावर बोलणार काय!

व्याह्यांनी मदत म्हणून एक फॉरवर्ड पाठवला. जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्या ५६ जणांचं पुढे काय झालं, असा. पाच जणांना इंग्रजांनी पकडून हालहाल करून मारलं, बारा जणांची घरं जाळली, नऊ जण लढाईतल्या जखमांनी गेले, एक म्हातारा बायको मरणाला टेकलेली असताना रानावनात पळाला आणि वर्षभर गुहेत राहिला, वगैरे. शेवटी हात जोडलेले आणि झेंडे. वाचताना घशाशी आलं हे खरं. पण सगळी नोकरी रेल्वेच्या वर्कशॉपात गेली. कितीही चकाचक जॉब समोर आला तरी गेज लावल्याशिवाय पास करायचा नाही, ही सवय जात नाही. आणि ह्या फॉरवर्डला गेज लावावा तर ना धड तारखा, ना ठिकाणं.

दुसरं असं, की मी त्यांच्या स्वातंत्र्यावर बोलणारा कोण? आमचे वडील बेचाळीस साली इथल्याच मोर्चात लाठी खाऊन घरी आले होते, डावा खांदा कायमचा उतरला, शर्ट घालताना आधी तो हात आत सारावा लागे. त्याबद्दल मी तासभर बोलेन. वॉशिंग्टनच्या फौजेच्या व्हॅली फोर्जच्या छावणीबद्दल काय बोलू?

आणि तिसरी अडचण सगळ्यात मोठी. नात सहावीत आहे. व्हिडिओ कॉलवर तिला विषय सांगितला तर म्हणाली, "आजोबा, त्या लोकांकडे स्लेव्ह्ज होते. मग फ्रीडम कोणाचं?" मी म्हटलं, जेवून घे, मग बोलू.

जाणकारांनी सांगावं.

---

खडूची पूड (बडोदा)

नाना, नमस्कार. मी कॉलेजात इतिहास शिकवत असे. तो फॉरवर्ड व्हॉट्सॲपच्या आधीपासून फिरतोय. पूर्वी ईमेलने यायचा. त्यात खऱ्याचा धागा आहे, पण त्यावर भरतकाम फार.

पकडले गेलेले पाच, हा आकडा बरोबर. पण त्यातले चौघे सैनिक म्हणून लढताना सापडले. जॉर्जियाचा जॉर्ज वॉल्टन १७७८ मध्ये सव्हानाच्या लढाईत जखमी होऊन. टॉमस हेवर्ड, आर्थर मिडल्टन आणि एडवर्ड रटलेज हे तिघे १७८० मध्ये चार्ल्सटन पडलं तेव्हा. त्यांना फ्लोरिडात सेंट ऑगस्टीनला ठेवलं आणि पुढच्या वर्षी कैद्यांच्या अदलाबदलीत सोडलं. चौघेही जिवंत घरी आले. पाचवा रिचर्ड स्टॉक्टन, तुमच्या न्यूजर्सीचाच, प्रिन्स्टनचा. त्याला १७७६ च्या नोव्हेंबरअखेर रात्री झोपेतून उठवून नेलं. नेणारे इंग्रज नव्हते, राजाच्या बाजूचे स्थानिक लोकच होते. थंडीत, उपाशी ठेवल्यामुळे तब्येत ढासळली. पण लढ्यात पुढे पडणार नाही असा शब्द देऊन तो जानेवारीत सुटला आणि १७८१ मध्ये कर्करोगाने गेला. हालहाल करून मारलेला सही करणारा एकही नाही. इंग्रजांच्या हातून झालेल्या जखमेने मेलेलाही नाही. बटन ग्विनेट (नावच तसं आहे, मी काय करू) १७७७ मध्ये जखमेने मेला खरा, पण ती जखम आपल्याच बाजूच्या एका सेनापतीशी केलेल्या द्वंद्वातली.

गुहेतला म्हातारा म्हणजे जॉन हार्ट, होपवेलचा शेतकरी, तेरा मुलांचा बाप. त्याची बायको १७७६ च्या ऑक्टोबरात गेली, इंग्रज फौज त्या भागात पोचली डिसेंबरात. म्हणजे मरणशय्येवरून पळाला ही गोष्ट जमत नाही. डिसेंबरात तो काही दिवस लपून राहिला, हे खरं. पण पुढे तो पुन्हा विधानसभेवर निवडून आला, आणि १७७८ च्या जूनमध्ये वॉशिंग्टनची फौज त्याच्या शेतावर उतरली होती. सुमारे १२,००० माणसं एका शेतावर! उभ्या पिकाचं काय झालं असेल ते शेतकऱ्यालाच विचारावं. माझ्या मते त्याच्या त्यागाची ही जागा गुहेपेक्षा मोठी आहे. मुलांना हे सांगा.

फॉरवर्डमध्ये बायका जवळजवळ नाहीतच, त्याचा मला राग येतो. न्यूयॉर्कच्या फ्रान्सिस लुईसने सही केली, आणि इंग्रजांनी पकडून नेली त्याची बायको, एलिझाबेथ. लाँग आयलंडवरचं घर लुटलं. सुटून आली ती खंगलेली, आणि १७७९ मध्ये गेली. सही नवऱ्याची, कैद हिची.

तरीही एक गोष्ट त्या ५६ जणांच्या पदरात टाकायलाच हवी. सही करणं हा राजद्रोह होता आणि त्याची शिक्षा फाशी. बहुतेकांनी २ ऑगस्टला सह्या केल्या, तेव्हा इंग्रजांचं प्रचंड आरमार न्यूयॉर्कच्या बंदरात येऊन उभं होतं. पुढे काय वाढून ठेवलंय हे त्यांना दिसत होतं. ते वाचले म्हणून त्यांचं धाडस खोटं ठरत नाही. त्यासाठी त्यांना मारून टाकायची गरज नाही.

---

एडिसनकर

नानाकाका, मी मूळचा दांडियाबाजारातला, आता पंचवीसेक वर्षं इकडे. खडूताईंनी धनिकांचा हिशेब चोख केला. मी बिननावाच्या लोकांचा देतो, कारण खरी किंमत त्यांनी मोजली.

त्या युद्धात प्रत्यक्ष लढाईत मेलेले अमेरिकन साधारण ६,८०० धरतात. रोगराईने आणि कैदेत मेलेले १७,००० च्या घरात. म्हणजे गोळीने मेला त्यापेक्षा जुलाब, ताप, देवी आणि भूक यांनी मेलेले दुपटीहून जास्त. व्हॅली फोर्जला १७७७-७८ च्या हिवाळ्यात लढाई अशी झालीच नाही, तरी छावणीतली २,००० च्या आसपास माणसं गेली. त्याआधी, १७७७ च्या सुरुवातीलाच, वॉशिंग्टनने सगळ्या फौजेला देवी टोचून घ्यायचा हुकूम काढला होता. तेव्हा जेन्नरची लस यायची होती. खऱ्या देवीच्या फोडातला पू कातडीला चीर देऊन भरायचे. सैनिक आठवडे-आठवडे आजारी, आणि शत्रूला कळू नये म्हणून सगळं गुपचूप. मुलांना लस टोचताना रडू येतं, त्यांना हा किस्सा आवडेल.

पण सगळ्यात भयंकर म्हणजे तुरुंगाची जहाजं. ब्रुकलिनच्या वॉलअबाउट खाडीत इंग्रजांनी जुनी, शिडं-डोलकाठ्या उतरवलेली जहाजं नांगरून ठेवली होती आणि त्यांत कैदी कोंबले होते. त्यातलं "जर्सी" सगळ्यात बदनाम. एका वेळी हजाराहून जास्त माणसं, रात्री झाकणं बंद, हवा नाही. रोज सकाळी झाकण उघडून पहारेकरी वरून ओरडायचा, "बंडखोरांनो, तुमचे मुडदे बाहेर काढा!" वाचून बाहेर आलेल्या टॉमस ड्रिंग नावाच्या कैद्याने हे लिहून ठेवलंय. मेलेल्यांना खाडीकाठच्या वाळूत उथळ खड्ड्यात पुरत, आणि पुढे कित्येक वर्षं भरतीबरोबर हाडं वर येत. ह्या जहाजांवर ११,००० हून जास्त माणसं मेली असं मानतात.

आता ऐका. ह्यातल्या बहुतेकांना सुटायचा रस्ता रोज समोर होता. इंग्रजांच्या आरमारात नाव घाला, आत्ता वर या, पोटभर जेवा. बहुतेकांनी घातलं नाही. जाहीरनाम्यावर त्यांची सही नाही, शाळेच्या पुस्तकात नाव नाही. खलाशी, मच्छीमार, सुतार, कोणाकोणाची पोरं. फोर्ट ग्रीन पार्कमध्ये त्यांच्या हाडांवर १४९ फुटांचा दगडी खांब आहे, १९०८ साली उभारलेला. मी मुलांना घेऊन गेलो होतो. खाली लोक कुत्री फिरवत होते, एक बाई योगासनं करत होती. कोणाचं लक्षही नव्हतं.

आणि जे जिवंत घरी गेले, त्यांना पगाराऐवजी सरकारी कागद मिळाले. घरी पीठ नाही म्हणून बहुतेकांनी ते सावकारांना मातीमोल भावात विकले. गरजू म्हाताऱ्या सैनिकांना पेन्शन मिळाली १८१८ मध्ये. १७७६ ला वीस वर्षांचा असलेला तोवर बासष्टचा झाला होता. रेल्वेच्या पेन्शनीत थकबाकीसाठी फिरलेल्या माणसाला जास्त काय सांगू!

---

लष्करवाला (ग्वाल्हेर)

आमच्या बाजूने एक जोड. १९ ऑक्टोबर १७८१ ला यॉर्कटाउनला वॉशिंग्टनसमोर शरणागती पत्करली कोणी? लॉर्ड कॉर्नवॉलिसने. म्हणजे, तब्येत बरी नाही सांगून स्वतः आला नाही, तलवार द्यायला जनरल ओहाराला पाठवलं. हाच गृहस्थ पाच वर्षांत गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला उतरला. तिकडे गमावलं ते इकडे भरून काढायला. १८०५ ला गाझीपूरला वारला, तिथे कबर आहे.

आणि तीच वर्षं आपल्याकडे पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाची. १७७९ च्या जानेवारीत वडगावला इंग्रजांनी मराठ्यांपुढे हात टेकले, १७८० च्या ऑगस्टात इंग्रजांच्या पॉपहॅमने आमचा ग्वाल्हेरचा किल्ला घेतला, १७८२ ला महादजींच्या मध्यस्थीने सालबाईचा तह. बडोदेकरांनी ह्यावर फार बोलू नये, फत्तेसिंगराव गायकवाड १७८० ला इंग्रजांच्या बाजूला गेले होते 😄

सांगायचं इतकंच, की नाना परके नाहीत. एकाच साहेबाशी दोन ठिकाणी झुंज चालली होती. पोरांना जगाचा नकाशा दाखवून सांगा.

---

वाकडं बोट

कौतुक पुरे. सगळ्या जगाला उपदेश करणाऱ्या देशाच्या वाढदिवसाला बडोद्याच्या माणसाने आरती का ओवाळायची? ज्यांची जमीन होती त्या मूळच्या लोकांचा ह्या धाग्यात अजून उल्लेखही नाही. आणि आपल्या माणसांचं काय केलं? भगतसिंग थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या फौजेत होता, पगडीसह. नागरिकत्व मागितलं तर १९२३ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, तू गोरा नाहीस. त्या निकालानंतर आधी दिलेली नागरिकत्वंही काढून घेतली. सॅन फ्रान्सिस्कोचा दुकानदार वैष्णोदास बगाई, त्याने १९२८ मध्ये जीव दिला. हे सांगणार का तुमच्या कार्यक्रमात?

---

कमाठीबाग

वाकडं बोट यांचे मुद्दे खरे आहेत, पण आरती ओवाळा असं इथे कोणीच म्हटलेलं नाही. आणि नानांच्या नातीने विचारलेला प्रश्न ह्या सगळ्यापेक्षा अवघड आहे, त्याला उत्तर द्यायचं सोडून आपण तलवारी मोजतोय.

नाना, तिला सरळ सांगा की तू बरोबर आहेस. १७७६ मध्ये तेरा वसाहतींत साधारण पाच लाख माणसं गुलाम होती, दर पाचांतला एक. सगळी माणसं समान जन्माला येतात असं लिहिणाऱ्या जेफरसनच्या घरी गुलाम होते. वॉशिंग्टनच्या मळ्यावरचा हॅरी नावाचा गुलाम पळून इंग्रजांना जाऊन मिळाला, कारण त्याला स्वातंत्र्य तिकडे मिळत होतं. उलट बाजूला १७७८ मध्ये ऱ्होड आयलंडच्या पलटणीत गुलामांना मुक्ततेच्या बोलीवर भरती केलं, आणि ती माणसं अमेरिकेसाठी लढली. दोघेही स्वातंत्र्यासाठीच बाहेर पडले होते, एक ह्या झेंड्याखाली, एक त्या.

मग त्या जाहीरनाम्याचं करायचं काय? फेकून द्यायचा? माझं म्हणणं, तो कागद लिहिणाऱ्यांच्या हातात राहिलाच नाही. ज्यांना त्यातून वगळलं होतं त्यांनीच तो उचलला आणि म्हणाले, लिहिलंय ना, मग द्या. पुढची किंमत त्यांनी भरली. १८६१ ते ६५ च्या यादवी युद्धात ६,२०,००० माणसं मेली असा जुना अंदाज आहे, आणि हल्लीचे अभ्यासक त्याहून जास्तच धरतात. त्यात १,८०,००० च्या आसपास काळे सैनिक उत्तरेच्या बाजूने लढले, ४०,००० च्या आसपास मेले. तेव्हा कुठे १८६५ ला संविधानाची तेरावी दुरुस्ती झाली आणि गुलामगिरी कायद्याने गेली.

इथे आपली दोन माणसं येतात. जोतिराव फुल्यांनी १८७३ ला गुलामगिरी छापली ती अमेरिकेतल्या सज्जन लोकांना अर्पण करून. गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी निरपेक्षपणे जो त्याग केला त्याचं कौतुक म्हणून. पुण्यातल्या माणसाने तो त्याग तेव्हाच वाचला होता, आणि आपल्या लोकांनी त्यातून धडा घ्यावा अशी आशाही तिथेच लिहिली होती.

दुसरे बाबासाहेब. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ ला न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. करार होता म्हणून १९१७ ला नोकरीसाठी बडोद्यात परत आले. राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तिथून काठ्या घेऊन आलेल्या जमावाने काढलं, आणि मुंबईची गाडी येईपर्यंत ते आपल्या कमाठी बागेत बसून होते. परदेशातल्या पाच वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसून गेली होती, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. ज्या काळात अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या माणसांना झाडाला टांगत होते, त्याच काळात त्याच देशातल्या एका शहरात एका महार विद्यार्थ्याला कोणी जात विचारली नाही. दोन्ही खरं. अकरा-बारा वर्षांच्या मुलीला दोन्ही एकदम कळतं, मोठ्यांना कळत नाही.

जबाबदारीचा मुद्दाही मला त्यांच्याच भाषणात दिसतो. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत त्यांनी इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिलचा इशारा सांगितला होता, की कितीही थोर माणूस असो, त्याच्या पायाशी आपलं स्वातंत्र्य नेऊन ठेवू नका. हे कोणत्याही देशात चालतं.

---

एडिसनकर

कमाठीबाग, सलाम. वाकडं बोट, थिंडची गोष्ट सांगायलाच हवी, आणि ती पुरी सांगायला हवी. तो नेट धरून राहिला, माजी सैनिकांसाठी १९३५ ला वेगळा कायदा झाला आणि १९३६ ला त्याला नागरिकत्व मिळालं. बाकीच्या भारतीयांना ती वाट मिळाली १९४६ मध्ये.

काका, आता एक असं सांगतो जे समोर बसलेल्या पोरांच्या थेट अंगाला लागेल. त्यांच्यातल्या निम्म्यांचे आईबाप अजून व्हिसावर किंवा ग्रीन कार्डाच्या रांगेत. मत नाही, उद्याची खात्री नाही. पण पोरं जन्माने नागरिक. कशामुळे? १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीमुळे. ती केली मुक्त झालेल्या गुलामांसाठी, त्या यादवी युद्धाच्या रक्तातून. मग १८९८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला वाँग किम आर्क नावाचा चिनी आचारी सुप्रीम कोर्टापर्यंत लढला आणि ठरलं, की आईबाप परदेशी असले तरी इथे जन्मलेलं मूल इथलं. २०२५ मध्ये ह्यावर पुन्हा कोर्टात वाद सुरू झाला, तेव्हापासून आमच्या घराघरांत दुसरा विषय नसतो.

आणि आम्ही मुळात इकडे आलो कसे? १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने देशवार कोटे गेले म्हणून. त्याच वर्षी ७ मार्चला अलाबामात सेल्माच्या पुलावर मताचा हक्क मागणाऱ्या काळ्या लोकांना पोलिसांनी घोड्यांवरून तुडवलं, जॉन लुईसची कवटी फुटली. मदतीला डेट्रॉइटहून एक गोरी बाई आली होती, व्हायोला लिउझो, पाच मुलांची आई. गाडीने मोर्चेकऱ्यांना ने-आण करताना २५ मार्चला तिला गोळी घातली. ऑगस्टात मतदान हक्काचा कायदा झाला, ऑक्टोबरात इमिग्रेशनचा. दोन्हींना एकाच चळवळीचा वारा होता. आमचे मामा सत्तरच्या सुमारास इंजिनीअर म्हणून आले, त्यांना ह्या बाईचं नाव शेवटपर्यंत माहीत नव्हतं. आमच्या घरात अजून "मामा स्वतःच्या हुशारीवर आले" असंच सांगतात. हुशार होतेच. पण दार कोणी उघडलं?

जबाबदारीचं म्हणाल तर मोठे शब्द नकोत. मी नागरिकत्वाची शपथ घेतली तेव्हा नीट ऐकलं: शपथ राष्ट्राध्यक्षाची नव्हती, झेंड्याची नव्हती, संविधानाची होती. त्यानंतर काही महिन्यांत ज्युरीचं समन्स आलं. कामावर सगळे म्हणाले, काहीतरी कारण लिहून पाठव, सुटशील. न्यू ब्रन्सविकच्या कोर्टात गेलो. मोठा हॉल, छातीला नंबर, शेजारी एक ट्रकवाला झोपलेला, पलीकडे एक नर्स विणत बसलेली. एका चोरीच्या खटल्यासाठी आम्हाला आत बोलावलं. आरोपी विशीतला पोरगा, नवा शर्ट, घडीच्या रेघा तशाच. न्यायाधीशबाईंनी मला विचारलं, पोलीस सांगतोय म्हणजे ते खरंच असणार असं तुम्हाला वाटतं का? मी म्हटलं, मी बडोद्यात वाढलो, नाही वाटत. सगळे हसले, पण मला ठेवून घेतलं. त्या पोराचं पुढचं आयुष्य आम्हा अनोळखी लोकांच्या हातात होतं, त्यात एक दांडियाबाजारचा. राजाने पुष्कळ खटल्यांत वसाहतीतल्या लोकांची ज्युरी काढून घेतली, ही तक्रार जाहीरनाम्यातच आहे, काका. ते वाचून दाखवा.

---

प्रतापनगरचे नाना (बडोदा)

मंडळी, सगळं दोनदा वाचलं. सौ.लाही वाचून दाखवलं. तिचं मत, एलिझाबेथ लुईसपासून सुरुवात करावी आणि जावयांकडे बघत करावी.

५६ जणांचा फॉरवर्ड बाजूला ठेवला. व्याह्यांना कळवलं नाही अजून, ते वाईट वाटून घेतील. खडूताईंचा मजकूर कार्यक्रमानंतर पाठवेन. दहा मिनिटांत सगळं बसणार नाही, म्हणून माझा बेत असा: जॉन हार्टचं शेत, मग "जर्सी" जहाज, मग नातीचा प्रश्न तिच्याच नावाने मोठ्याने वाचायचा, आणि त्याच्या उत्तरात वाँग किम आर्क व व्हायोलाबाई. थिंडलाही घेतो, वाकडं बोट खूश. बाबासाहेबांची बडोद्याची गोष्टही घेणार, कारण आपल्या गावाचं झाकून दुसऱ्याच्या गावाचं उघडं करणं मला जमायचं नाही. वडिलांच्या खांद्याचं शेवटी एक वाक्य, जमलं तर.

मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीतही जाऊन आलो. तिथल्या बाईंना म्हटलं, अमेरिकेच्या इतिहासाचं काही द्या. त्या म्हणाल्या, ही लायब्ररी उभी करायला सयाजीरावांनी १९१० ला माणूस आणला तोच अमेरिकन, बोर्डन. मी इथे लहानपणापासून जातो, काचेच्या फरशीवरून वर बघत उभा राहायचो, आणि हे मला आता कळतंय.

दोन शंका. एक, त्या ब्रुकलिनच्या खांबाशी सौ.ला घेऊन जाता येईल का? गुडघे दुखतात तिचे. दोन, समोर आठ वर्षांची पोरंही असतील. मुडदे बाहेर काढा ही आरोळी सांगावी का?

---

एडिसनकर

काका, एडिसनहून ट्रेनने न्यूयॉर्क पेन स्टेशन, तिथून थोडं चालून सबवे, ब्रुकलिनला डिकॅल्ब अॅव्हेन्यूला उतरायचं आणि पुढे दहा-पंधरा मिनिटं पायी. खांबापर्यंत रुंद दगडी पायऱ्या आहेत, बऱ्याच. काकूंना पायऱ्यांनी नेऊ नका, बागेतून चढणीचा रस्ता वळत वर जातो. हाडं ठेवलेलं तळघर एरवी बंद असतं, तेव्हा आत जायची आशा ठेवू नका. पाणी बरोबर घ्या, जुलैत घामटं निघतं. त्यापेक्षा मीच एका रविवारी गाडी काढतो. होपवेलला हार्टची समाधी आणि प्रिन्स्टनला स्टॉक्टनचं घर एका फेरीत होतील, ब्रुकलिन वेगळ्या दिवशी.

---

खडूची पूड (बडोदा)

आरोळी सांगा, नाना, आवाज न चढवता. आठ वर्षांच्या मुलांना मरण कळतं. त्यांना लांबलचक वाक्यं कळत नाहीत. फक्त जावयांना आधी सांगून ठेवा, म्हणजे कोणा आईने मध्येच मूल उचलून नेलं तर गोंधळ नको. आणि लिउझोबाईंचं नाव घरी चार वेळा मोठ्याने म्हणून बघा, जीभ अडखळते.